अभिनेत्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात : न्यायालयीन रहस्यकादंबरी कशी लिहावी

काम मिळवण्यासाठी धडपडणारी अभिनेत्री आणि खुनाचा खटला या दोन गोष्टी एकत्र आल्या की अर्धी कादंबरी लिहून झाली, असे नवख्या लेखकाला वाटते. प्रत्यक्षात अशा बहुतेक हस्तलिखितांमध्ये ती अभिनेत्री केवळ मुखपृष्ठापुरती असते; तिच्या जागी बँकेतील कारकून किंवा शिकवणी घेणारी बाई बसवली तरी कथानकाची एक वीटही हलत नाही. लिहायला बसण्यापूर्वी हीच कसोटी आपल्या कथेला लावून पाहावी. नायिकेचा पेशा बदलल्यावर रहस्य उलगडेनासे झाले पाहिजे आणि तिच्यावरचा संशयही टिकेनासा झाला पाहिजे. पुढे जे सांगतो आहे ते सगळे या एका अटीभोवती आहे. उदाहरणे मी मुंबईची घेतली आहेत, कारण मालिका, नाटके आणि सत्र न्यायालये तिथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

पहिला निर्णय नायिकेच्या जागेचा : ती आरोपी असेल की साक्षीदार? मोह आरोपी करण्याचा होतो, पण आपल्याकडच्या खटल्यात आरोपी बहुतेक वेळ मागे गप्प उभा असतो. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्याला प्रश्न विचारतात, त्याची उत्तरे तो शपथेविना देतो आणि बहुतेक आरोपी ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ यापलीकडे जात नाहीत. स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा हक्क त्याला आहे, पण तो वापरावा असा सल्ला वकील क्वचितच देतात. म्हणजे संवादावर जगणारी स्त्री आपण कथेच्या मध्यभागी आणली आणि तिला तीनशे पाने मुकी ठेवली, असे होते. साक्षीदाराला मात्र पिंजरा मिळतो, सरतपासणी (बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलाचे प्रश्न) मिळते, उलटतपासणी (विरुद्ध पक्षाच्या वकिलाचे प्रश्न) मिळते. तेव्हा तिला साक्षीदार म्हणूनच आत आणावे. तिच्यावर गंडांतर आणण्याची सोय कायद्यातच आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

दुसरा निर्णय तारखेचा, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी टाळता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्याचा कायदाही बदलला. तुमच्या कथेतील खून जून २०२४ मधला असेल तर आरोप कलम ३०२ खाली लागेल. ऑगस्ट २०२४ मधला असेल तर कलम १०३ खाली. जुन्या सवयीने ऑगस्टच्या खुनाला ‘तीनशे दोन’ चिकटवलेली कादंबरी वकिली करणारा वाचक चौथ्याच पानावर मिटून ठेवतो. कथेतल्या हवालदाराच्या तोंडी मात्र जुना आकडा खुशाल ठेवावा, कारण बोलण्यातून तो इतक्या लवकर जाणार नाही.

तारखांचे गणित मांडताना आणखी एक योगायोग कामी येतो. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी अटकेत असताना ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मालिकांच्या धंद्यातही काम केल्यानंतर मानधन ९० दिवसांनी देण्याचा रिवाज मुरलेला आहे. एका बाजूला तपास अधिकारी दिवस मोजतो आहे, दुसऱ्या बाजूला भाडे थकलेली नायिका दिवस मोजते आहे, आणि दोघांचा आकडा एकच आहे. अशी जुळणी हाती लागली की तिच्यावर भाष्य करू नये; दोन्ही कॅलेंडरे शेजारी शेजारी चालू द्यावीत.

तिचे दिवस

‘धडपडणारी’ हे विशेषण वाक्यात लिहू नये, ते हिशेबात दाखवावे. मालाडला तीन मुलींबरोबर पेइंग गेस्ट म्हणून राहणारी ही मुलगी वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनला जाते तेव्हा एका पिशवीत साडी आणि दुसरीत जीन्स घेऊन जाते, कारण भूमिका ‘मॉडर्न’ की ‘होमली’ हे तिथे पोहोचल्यावर कळते. मालिकेत तिला पाच दिवसांचे काम मिळते आणि तिसऱ्या दिवशी ‘ट्रॅक बदलला’ असे सांगून ते संपवले जाते. नाटकात ती बदली कलाकार आहे, म्हणजे संपूर्ण नाटक पाठ असूनही विंगेत उभी राहते. प्रयोग मिळालाच तर ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते, नाही तर बसचा प्रवास आणि वडा-पाव. हे तपशील करुणा उत्पन्न करण्यासाठी नाहीत. यांतील प्रत्येक गोष्ट पुढे पुरावा होणार आहे : व्हाउचरवरची तारीख, कॉलशीटवरची (चित्रीकरणाच्या वेळापत्रकावरची) वेळ, बसमधली बसण्याची जागा, आणि मुख्यतः दुसऱ्याचे संवाद शब्दशः पाठ असण्याची तिची सवय.

वाचक नायिकेच्या अपमानात गुंतलेला असताना त्याचे लक्ष वस्तूंवरून उडते, हे लेखकाने मनात नोंदवून ठेवावे. सुगावा लपवायला याहून चांगली जागा नाही. उदाहरणार्थ, निर्मिती व्यवस्थापक तिला सगळ्यांसमोर सुनावतो की तू अकराला यायचे होतेस, नऊला येऊन सेटवरचा नाश्ता कशाला खातेस. वाचक त्या माणसावर चिडतो आणि नायिका नऊ वाजता सेटवर होती, ही गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोरून निसटते. दीडशे पानांनंतर बचावाचे वकील नेमके तेच विचारतील.

जबाब

घटना गोरेगाव पूर्वेच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत घडवली तर खटला जवळच्या दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालेल. ज्या इमारतीवरून ती ऑडिशनसाठी वर्षानुवर्षे रिक्षाने गेली, त्याच इमारतीचे समन्स तिला येते. पण त्याआधी पोलिसांचा जबाब आहे आणि लेखक तो प्रसंग नेहमी पोलीस ठाण्यात, लटकत्या दिव्याखाली रंगवतात. साक्षीदार स्त्री असेल तर तिला राहत्या घराखेरीज इतरत्र हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. ठाण्यात जाण्याची तिचीच तयारी असेल तर गोष्ट वेगळी. या नियमात एक अख्खा प्रसंग दडलेला आहे. पोलीस घरी आले तर घरमालकीण दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगेल, म्हणून नायिका आपण होऊन ठाण्यात जाते. तिथे तिच्या बाजूचे कोणीच नसते. हवालदार टंकलेला कागद वाचून दाखवल्यासारखे करतो. ती पेन मागते, कारण इतक्या वर्षांत न वाचता सह्या करण्याची तिला सवय झालेली आहे, आणि तो सांगतो, “सही नको, मॅडम.” हे खरेच आहे, पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते असे कायदाच सांगतो. तिला मात्र हायसे वाटते, आणि तिथेच तिची चूक होते.

नव्या कायद्यानुसार इतक्या गंभीर गुन्ह्यात पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायचा असतो आणि तो शपथेवर असतो. म्हणजे खून १ जुलै २०२४ नंतरचा धरला, तर नायिकेची एकच हकिकत तीनदा नोंदली जाते : पोलिसांकडे, दंडाधिकाऱ्यांपुढे आणि काही वर्षांनी सत्र न्यायालयात. या तिन्हींचा मजकूर तुम्ही कादंबरी लिहिण्यापूर्वी पूर्ण लिहून काढावा, भले त्यातला निम्मा छापायचा नसो. तिन्हींत काय सारखे आहे, काय गळले आहे आणि कशात भर पडली आहे, हे ठरल्याशिवाय उलटतपासणी लिहिताच येत नाही.

न्यायालय जसे असते तसे

माझ्या पहिल्या मसुद्यात न्यायाधीशांनी हातोडा आपटला होता. एका वकील मित्राने तो परिच्छेद वाचला, चहा खाली ठेवला आणि विचारले की इतक्या वर्षांत तू हातोडा नक्की कोणत्या न्यायालयात पाहिलास. मी तो फक्त पडद्यावर पाहिला होता. ज्युरीचे, म्हणजे कौल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचेही तसेच. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. त्यानंतर ही पद्धत मावळत गेली. आज तुमच्या नायिकेला ज्युरीतल्या माणसांची मने जिंकायची नाहीत. समोर एकच न्यायाधीश आहेत, त्यांच्या टेबलावर त्या दिवसाची लांबलचक कामे आहेत आणि पंखा आवाज करतो आहे.

खटल्यांचे कामकाज सामान्यतः खुल्या न्यायालयात चालते, तेव्हा एखादा दिवस मागच्या बाकावर जाऊन बसावे. मोबाइल बंद ठेवावा आणि कानांनी पाहावे : पट्टेवाल्याचा पुकारा, ‘पुढची तारीख’ हे शब्द, मुद्देमालाच्या पाकिटाचे लाखेचे सील तोडण्याचा आवाज, आणि पुराव्याच्या कागदाला निशाणी क्रमांक देताना लागणारी दोन मिनिटांची शांतता. या शांततेत आरोपीची आई आणि मृताची बहीण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलेल्या दिसतात. कल्पनेने असे काही सुचत नाही.

सगळ्यांत मोलाची गोष्ट तिथे ऐकू येते ती साक्ष नोंदवण्याची रीत. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, आणि न्यायाधीश त्या दोहोंचे मिळून एक सलग वाक्य करून लघुलेखकाला सांगतात. ते वाक्य साक्षीदाराच्याच तोंडी, प्रथमपुरुषी असते. आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेले संवाद बोलणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे बोलणेही इथे दुसरेच कोणी लिहिते. हा प्रसंग असा लिहिता येईल :

“आपण पेशाने अभिनेत्री आहात?”

“हो.”

“रडण्याचा प्रसंग असेल तेव्हा डोळ्यांत ग्लिसरीन घालावे लागते?”

“मला नाही लागत.”

“म्हणजे मनात दुःख नसतानाही आपण रडू शकता.”

“ते माझे काम आहे, सर.”

“पोलिसांकडे जबाब देताना आपण रडलात?”

“हो, रडले.”

न्यायाधीश लघुलेखकाकडे वळून सांगतात : “मी व्यवसायाने अभिनेत्री आहे. मी ग्लिसरीनशिवाय रडू शकते. पोलिसांसमोर जबाब देताना मी रडले होते.”

कोणी खोटे बोललेले नाही. केवळ ‘ते माझे काम आहे’ हे एक वाक्य गळाले, उरलेली तीन वाक्ये एकमेकांना चिकटून बसली आणि त्यांतून चौथाच अर्थ उभा राहिला. अशा प्रसंगानंतर लेखकाने तिच्या मनातले काही लिहू नये. टंकलेखनाचा आवाज पुरेसा आहे.

उलटतपासणीचे दुसरे हत्यार म्हणजे गळालेली गोष्ट. साक्षीदार न्यायालयात जे सांगतो ते पोलिसांच्या जबाबात नसेल आणि ते महत्त्वाचे असेल, तर ती विसंगती मानली जाऊ शकते. मराठीतल्या साक्षींत यासाठी एक ठरलेले वाक्य असते आणि ते जसेच्या तसे वापरावे : “असे माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.” हे वाक्य एका पानात चार वेळा आले की धीट साक्षीदारही स्वतःच्या कानांना लबाड वाटू लागतो. त्यानंतर वकील सूचना घालतात, म्हणजे आपल्या पक्षाचे म्हणणे साक्षीदारापुढे ठेवून त्याला विचारतात, आणि ती प्रत्येक सूचना “हे म्हणणे खरे नाही की” अशा सुरुवातीने नाकारली जाते. नवखे लेखक इथे जोरदार भाषणे लिहितात. भाषणे काढून टाकावीत. खरी भीती त्या ठरीव वाक्यांच्या पुनरावृत्तीत असते.

रहस्याचे यंत्र

आता यंत्राकडे वळू. वर म्हटल्याप्रमाणे ते अभिनयाच्या पेशातूनच बनले पाहिजे. समजा, खुनाच्या संध्याकाळी नायिकेने मेकअप रूमच्या पातळ भिंतीआडून मृत अभिनेत्रीचा आवाज ऐकला : “उद्या मी सगळ्यांना सांगणार आहे, मग तू कुठे तोंड लपवशील?” पोलिसांनी ते भांडण म्हणून लिहून घेतले, त्या वेळी खोलीत कोण होते हे शोधले आणि त्या माणसाला आरोपी केले. खटला उभा राहतो तो या एका वाक्यावर. काही वर्षांनी, साक्षीच्या आदल्या महिन्यात, नायिकेला एका ऑडिशनसाठी घरून चित्रीकरण करून पाठवायचा उतारा येतो. तो जुना, अनेक मुलींना दिला गेलेला उतारा असतो आणि त्यात हेच वाक्य असते. म्हणजे त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडण नव्हते. ऑडिशनची तालीम चालली होती, किंवा आधी चित्रित केलेली तालीम कोणीतरी मोबाइलवर वाजवत होते. दुसरी शक्यता खरी असेल तर मृत्यूची वेळ मागे सरकते आणि आरोपीविरुद्धचा पुरावा कोसळतो. शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूची वेळ मिनिटात सांगत नाहीत, काही तासांचा टप्पा सांगतात. या यंत्राला तेवढी ढील आवश्यक असते.

हे फक्त तिलाच कळू शकते, कारण असे उतारे फक्त तिच्यासारख्यांच्याच फोनमध्ये येतात. शिवाय ती ते बोलली की तिचा आधीचा शपथेवरचा जबाब चुकीचा ठरतो, सरकारी वकील तिला फितूर, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षावरच उलटलेली, जाहीर करण्याची परवानगी मागतात आणि तीही उलटतपासणीला सामोरी जाते. खरे बोलणारी साक्षीदार फितूर ठरते, हा पेच तुम्हाला पुढची शंभर पाने पुरेल.

सुगाव्याला पुरावा करताना मात्र कायद्याची वाट चालावी लागते. सेटवर साहाय्यक दिग्दर्शक कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका दृश्यातले तपशील पुढच्याशी जुळावेत म्हणून, प्रत्येक दृश्याआधी मोबाइलवर फोटो काढतो. बांगड्या कोणत्या हातात, पदर कुठल्या खांद्यावर, हे त्यात दिसते. मृत स्त्रीचा शेवटचा असा फोटो कथेत आणायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो काढल्याची मूळ वेळ बरोबर घेऊन येत नाही, त्यामुळे मूळ फोन शोधावाच लागतो. आणि मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणात, अर्जुन खोतकर यांच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. साहाय्यक दिग्दर्शकाने मधल्या काळात तो फोन विकून टाकला असेल तर नायिकेला चोर बाजारापर्यंत पायपीट करायला लावता येते. फोटोत खिडकीबाहेर रात्र दिसते आणि सगळे त्यावरून वेळ ठरवतात. दिवसा काळे कापड लावून ‘नाईट’, म्हणजे रात्रीचे दृश्य, घेतात हे सांगायला मात्र पुन्हा सेटवरचाच माणूस लागतो.

पुरावा परिस्थितिजन्य, म्हणजे खून पाहणारा कोणी नसून केवळ परिस्थितीवर आधारलेला, असेल तर पुण्याच्या शरद सारडा प्रकरणातील १९८४ चा निकाल वाचून ठेवावा. परिस्थितीच्या साखळीसाठी त्यात सांगितलेली पाच तत्त्वे आजही रोज उद्धृत होतात आणि रहस्यकथा रचणाऱ्यासाठी ती आयती कसोटी आहे : प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध झालेला असावा, तो केवळ आरोपीच्या अपराधाशीच जुळावा, इतर प्रत्येक शक्यता बाद व्हावी. आपल्या खऱ्या खुन्याला या कसोटीवर घासून पाहावे. दुवा तुटला तर न्यायालय त्याला सोडील, आणि ते तुम्हाला हवे असेल तर उत्तमच. पण मग वाचकाला न्यायालयापेक्षा एक गोष्ट जास्त माहीत असली पाहिजे, नाही तर त्याला फसवल्यासारखे वाटेल.

सुरुवातीला जे गंडांतर राखून ठेवले होते ते इथे आणावे. खटला चालू असताना समोर आलेल्या पुराव्यावरून दुसऱ्याच व्यक्तीचा गुन्ह्यात हात दिसला, तर तिलाही आरोपी म्हणून उभे करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. नव्या संहितेत तो कलम ३५८ मध्ये आहे. नायिकेनंतर साक्षीला आलेला माणूस सांगतो की ती नऊ वाजताच सेटवर आली होती. नाश्त्याचा तो जुना अपमान आता तिच्यावर उलटतो. उत्तर दिल्यास आपणच अडकू अशा प्रश्नालाही साक्षीदाराला उत्तर द्यावे लागते, मात्र सक्तीने दिलेले उत्तर, खोट्या साक्षीचा अपवाद सोडून, तिच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण हे संरक्षण तिला कोण सांगणार? सरकारी वकील तिचा वकील नसतो, हे बहुतेक साक्षीदारांना पिंजऱ्यात उभे राहिल्यावरच उमगते.

कोणाच्या तोंडून सांगावे

माझे मत प्रथमपुरुषी निवेदनाच्या बाजूने आहे, एका अटीवर : ती जे जाणते ते तिने वाचकापासून लपवू नये. उताऱ्यातले वाक्य तिने वाचले त्याच पानावर वाचकानेही वाचलेले असावे, भले त्याचा अर्थ तिला दहा पानांनी कळो. तिच्या निवेदनामध्ये मधूनमधून कागद घालावेत : रोजनाम्याची (न्यायालयातील दैनंदिन कामकाजाच्या टिपणाची) चार ओळींची नोंद, कॉलशीट, साक्षीचा अर्धा परिच्छेद. तिचे बोलणे आणि नोंदलेले बोलणे यांतले अंतर वाचक स्वतः मोजतो.

शेवटाकडे येताना तो गळालेला संवाद विसरू नये. साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, आणि एखादी नोंद बरोबर नाही असे त्याने म्हटले तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात किंवा त्याचा आक्षेप टिपून ठेवू शकतात. बहुतेक साक्षीदार थकलेले असतात, मान हलवतात आणि सही करून निघून जातात. तुमच्या नायिकेला मात्र ऐकलेले आणि बोललेले प्रत्येक वाक्य पाठ ठेवण्याची सवय आहे. पोलीस ठाण्यात न वाचता सहीसाठी पेन मागणारी हीच मुलगी आता पेन हातात आल्यावरही सही करत नाही. कागद परत पुढे सरकवते आणि म्हणते, “सर, चौथ्या ओळीनंतर माझे एक वाक्य राहिले आहे.”